तळ्याकाठची माणसे समुद्रावर जातात तेव्हा

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे अड्याळ लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधूनमधून लहानमोठ्या बोड्या आणि तलाव, आणि थोड्या अंतरावर वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र, असा हा मुलूख आहे. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते यथार्थच आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून येथे पाणी अडवले, पाळी बांधल्या आणि धानाला आधार दिला. अलीकडच्या काळात त्यात गोसेखुर्दच्या जलाशयाची भर पडली. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्या धरणाची पायाभरणी झाली, आणि आज पावसाळ्यात त्याचे ३३ दरवाजे कधी किती उघडले, ही आमच्या तालुक्यातील रोजची बातमी असते.

तेव्हा पाणी आम्हाला अपरिचित नाही. गंमत अशी की, मध्यप्रदेशातील शिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावणारी वैनगंगा पुढे वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमच्या शिवारातले पाणी पूर्वेच्या समुद्राकडे जाते, आणि आम्ही माणसे मात्र सुटी लागली की पश्चिमेच्या समुद्राकडे धाव घेतो. दिवाळीचा हिशेब उरकला, लग्नसराई आटोपली की व्यापारी घरांतील मंडळी नागपूरमार्गे कोकणात नाहीतर गोव्यात जातात. तीन पिढ्या एकत्र असतात, सोबत कोरड्या खाऊचे डबे असतात आणि मुलांच्या डोळ्यांपुढे लाटा असतात.

या प्रवासातील एका धोक्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे. पाण्याजवळ वाढलेल्या माणसाला आपल्याला पाणी कळते असे वाटते. तलावाचे पाणी जिथे असते तिथेच असते. नदीचे पाणी एका दिशेने जाते आणि ती दिशा डोळ्यांना दिसते. समुद्राचे पाणी मात्र एकाच वेळी येतही असते आणि जातही असते. येणारे पाणी सर्वांना दिसते, कारण ते गर्जना करीत, फेस उधळीत येते. जाणारे पाणी बहुतेकांना दिसत नाही. बुडणारा माणूस बहुधा या दुसऱ्या पाण्याने ओढला जातो.

गेल्या जानेवारीत आमच्या तीन घरांतील अकरा माणसे गोव्याच्या पेडणे तालुक्यात पाच दिवस राहून आली. स्वयंपाकघर असलेले एक घर आम्ही मांद्रे येथे भाड्याने घेतले होते, त्यामुळे जेवणाखाण्याची अडचण नव्हती. उत्तर गोव्याचा हा किनारा पाहण्यासारखा आहे. अगदी उत्तरेला तेरेखोल नदीचे मुख आणि पलीकडच्या टेकडीवर किल्ला, अलीकडे केरी, मग हरमल, जिथे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचे तळे आहे. त्यानंतर मांद्रे, आश्वे आणि शेवटी शापोरा नदीच्या मुखाशी मोरजी. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात, म्हणून तेथील काही भाग हंगामात राखून ठेवलेला असतो. सकाळी या किनाऱ्यावर गर्दी कमी असते. मासेमारांच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या शेजारी हल्ली रंगीबेरंगी लांबट फळ्या उभ्या केलेल्या दिसतात. त्या सर्फिंगच्या फळ्या.

लाटेवर फळी घालून तिच्यावर उभे राहण्याचा हा खेळ मूळचा हवाई बेटांचा. विसाव्या शतकाच्या आरंभी ड्यूक कहानामोकू या हवाईच्या जलतरणपटूने तो जगभर नेला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर मुक्तशैलीचे सुवर्णपदक मिळवणारा हा माणूस. टोकियोच्या ऑलिंपिकपासून, म्हणजे २०२१ पासून, सर्फिंगचा समावेश ऑलिंपिकमध्येही झाला आहे. आपल्या देशात मंगळूरजवळच्या मुल्की येथे २००४ मध्ये मंत्रा सर्फ क्लब सुरू झाला आणि तेथून ही विद्या पूर्व-पश्चिम किनाऱ्यांवर पसरली. तामिळनाडूत तर मासेमारांची मुले या खेळात पुढे आली आहेत.

माझ्या पंधरा वर्षांच्या नातीने हा खेळ शिकण्याचा हट्ट धरला तेव्हा घरात दोन तट पडले. माझे मेहुणे म्हणाले, “भाऊजी, पेढीवर बसणाऱ्यांच्या पोरींनी लाटेवर उभे राहून काय मिळवायचे?” नात म्हणाली, “मामाआजोबा, पडायचे कसे ते मिळवायचे. पहिल्या दिवशी तेवढेच शिकवतात.” उत्तर ऐकून मेहुणे हसले, पण राजी झाले नाहीत. माझी नोकरी बँकेत गेलेली. कर्ज द्यावे की न द्यावे, हा प्रश्न आमच्याकडे कधीच नुसता ‘हो’ किंवा ‘नाही’ असा नसे. तारण काय, हप्ता कोठून येणार, धंदा बुडाला तर वसुली कशी, एवढे पाहून मग मंजुरी. मी तोच न्याय लावला. नागपूरच्या तरणतलावात तिने न थांबता २०० मीटर पोहून दाखवावे, हात-पाय न मारता पाच मिनिटे उताणे तरंगून दाखवावे, आणि किनाऱ्यावर शिकवणारा सांगेल तेवढेच करावे. तिने दोन्ही परीक्षा निघण्यापूर्वीच दिल्या होत्या. पोहणे न येणाऱ्या माझ्या पुतण्याला मात्र आम्ही फळीला हात लावू दिला नाही. त्याचा रुसवा दोन दिवस टिकला.

शिकवणारा तरुण तिथल्याच गावचा होता. त्याने सर्वांना तीन प्रश्न विचारले : पोहता किती येते, आजार कोणता आहे आणि शेवटचे पोटभर केव्हा जेवलात. नंतर फळी न देता सर्वांना वाळूवर समुद्राकडे तोंड करून बसवले आणि वीस मिनिटे नुसते पाहायला सांगितले. मुले चुळबुळ करू लागली, पण माझ्या मते तो त्या सकाळचा सर्वांत मोलाचा धडा होता.

लाट म्हणजे वाहत येणारे पाणी, अशी आपली समजूत असते. खोल समुद्रात पाणी फारसे पुढे जात नाही. ते जागच्या जागी गोल फिरते आणि पुढे सरकते ती केवळ ऊर्जा. धानाच्या शेतावरून वारा गेला की लोंब्यांची लाट बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, रोपटे मात्र जागेवरच असते, तसाच हा प्रकार. किती जोराचा वारा, किती वेळ आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला, यावर लाटेचा आकार ठरतो. त्यामुळे किनाऱ्यावर वारा मुळीच नसतानाही दूरच्या वादळाने उठवलेल्या मोठ्या लाटा येऊन धडकू शकतात. किनारा जवळ आला की लाटेचा तळ वाळूला अडखळतो, माथा पुढे झुकतो आणि लाट फुटते. साधारणपणे लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊण पटीपर्यंत पोहोचली की हे घडते. एक मीटर उंचीची लाट म्हणून सव्वा मीटरच्या आसपास पाण्यात, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाच्या छातीइतक्या पाण्यात फुटते. पर्यटक जिथे हौसेने उभे राहतात नेमके तिथेच. एका घनमीटर समुद्राच्या पाण्याचे वजन सुमारे १०२५ किलो असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ती लाट अंगावर घेणे ही थट्टा नव्हे, हे पटते.

लाटा एकसारख्या येत नाहीत. काही लहान लाटांनंतर तीन-चार मोठ्या लाटांचा जथा येतो, मग पुन्हा निवांत. पाच मिनिटे समुद्र पाहून ‘आज शांत आहे’ म्हणणारा माणूस दोन जथ्यांमधली विश्रांती पाहून निर्णय घेत असतो. वीस मिनिटे बसण्याचे कारण हेच.

त्यानंतर वाळूवरचा सराव. नवशिक्याला आठ-नऊ फूट लांबीची, मऊ पृष्ठभागाची, रुंद फळी देतात. लांब फळी तरते चांगली, आणि मऊ असल्यामुळे डोक्याला लागली तरी इजा कमी होते. फळीच्या मागच्या टोकाला एक दोरी असते, ती मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात. मागचा पाय कोणता? कोणी पाठीमागून हलकेच ढकलले तर जो पाय आपोआप पुढे पडतो तो पुढचा, दुसरा मागचा. ही दोरी हाताला किंवा बोटाला कधीही गुंडाळू नये, लाटेच्या हिसक्याने बोट मोडते.

फळीवर पालथे झोपायचे ते मधोमध. फार पुढे सरकले तर फळीचे नाक पाण्यात घुसते आणि माणूस डोक्यावर आपटतो, फार मागे राहिले तर फळी लाट पकडतच नाही. नाक पाण्याच्या वर दोन-तीन इंच राहील असे शरीर ठेवावे, छाती उचलावी आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने लांब वल्हवावे. लाटेने मागून उचलल्याचे जाणवले की आणखी दोन-तीन हात मारावेत. मग दोन्ही तळवे बरगड्यांजवळ फळीवर टेकून एका झटक्यात उभे राहावे. उभे राहताना पावले आडवी, गुडघे वाकलेले, हात सैल आणि नजर किनाऱ्याकडे. नजर पायांकडे गेली की तोल गेलाच. पहिले काही दिवस आधीच फुटलेल्या फेसाळ लाटेवर, कमरेइतक्या पाण्यात हा सराव करायचा. न फुटलेल्या हिरव्या लाटेकडे जायचे ते त्यानंतर, आणि शिक्षक सोबत असेल तरच.

पडण्याचेही शास्त्र आहे. नात म्हणाली ते खरेच होते. खाली वाळू किती खोल आहे हे दिसत नाही, म्हणून सूर कधी मारायचा नाही. पसरट होऊन पाठीवर किंवा कुशीवर पडायचे. पाण्याखाली गेल्यावर दोन्ही हातांनी डोके झाकून वर यायचे, कारण आपलीच फळी दोरीने ओढली जाऊन आपल्याच डोक्यावर येऊ शकते. लाट काही क्षणच दाबून धरते. त्या वेळी हातपाय झाडण्यापेक्षा श्वास रोखून सैल राहिले तर दम टिकतो. फळी घेऊन पाण्यात चालताना ती आपल्या आणि लाटेच्या मध्ये आडवी धरू नये. लाट तिला आपल्याच पोटावर आदळते. फळी शरीराच्या बाजूला, नाक समुद्राकडे करून न्यावी. भोवती माणसे असताना फळी सोडून देणे हा तर अपराधच समजला जातो.

या खेळात बाजारासारखी एक शिस्तही आहे. लाटेच्या फुटणाऱ्या भागाला जो सर्वांत जवळ असेल त्याचा त्या लाटेवर पहिला हक्क, दुसऱ्याने तिच्यात घुसायचे नाही. आत जाणाऱ्याने लाटेवरून येणाऱ्याच्या वाटेत न येता वळसा घालून जायचे. ‘एका लाटेला एकच गिऱ्हाईक’ असे मेहुणे म्हणाले. ते बाजूला खुर्ची टाकून सर्व ऐकत होते.

साडेनऊच्या सुमारास ओहोटी सुरू झाली होती. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती-ओहोटीचे चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, आणि कालची सुरक्षित वेळ आजही तशीच असेल हे गृहीत धरता येत नाही. गोव्याच्या सरकारने २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमले आहेत. लाल-पिवळे निशाण लावलेल्या दोन काठ्यांच्या मधला भाग पोहण्यासाठी, निव्वळ लाल निशाण असेल तिथे उतरायचे नाही, हा त्यांचा साधा संकेत. त्या सकाळी जीवरक्षकाने लाल-पिवळी निशाणे उपटली आणि पन्नास-साठ पावले दक्षिणेला नेऊन रोवली. मूळ जागी त्याने लाल निशाण लावले.

मेहुणे तोवर खुर्चीवरून उठून जुन्याच जागी गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले होते. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली. मेहुण्यांनी हात हलवून सांगितले, “इथेच बरे आहे. उलट इथे लाटाच नाहीत.” त्यांचे म्हणणे डोळ्यांना खरे दिसत होते. डावीउजवीकडे लाटा फुटत होत्या आणि मधला दहा-पंधरा मीटरचा पट्टा गुळगुळीत, किंचित गडद रंगाचा, अगदी आमच्या गावच्या तलावासारखा शांत होता. शिकवणाऱ्या तरुणाने काही वाद घातला नाही. वाळूत पडलेली नारळाची एक रिकामी कवटी त्याने उचलली आणि त्या शांत पट्ट्यात भिरकावली. कवटी क्षणभर डोलली आणि किनाऱ्याकडे येण्याऐवजी समुद्राकडे निघाली. माणूस चालतो त्या वेगाने ती फुटणाऱ्या लाटांच्या रेषेपलीकडे गेली, आणि पाहता पाहता दिसेनाशी झाली. मेहुणे पाण्याबाहेर आले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

हाच तो परतीचा प्रवाह, ज्याला जगभर रिप करंट म्हणतात. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी परत जाण्यासाठी वाट शोधते. वाळूच्या बुडालेल्या बांधात जिथे खिंड असते तिथून ते एकवटून बाहेर पडते. खिंडीत पाणी खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही, आणि म्हणूनच ती जागा नवख्याला सर्वांत सुरक्षित वाटते. ओहोटीच्या वेळी बांधावरचे पाणी उथळ होते आणि खिंडीतला ओघ वाढतो. खाडीच्या मुखाशी, खडकांच्या कडेला आणि धक्क्याच्या बाजूला असे प्रवाह नेहमी आढळतात. त्यांचा वेग बहुधा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. पण तो कधी दोन मीटरच्या पुढेही जातो, आणि तितक्या ओघाविरुद्ध ऑलिंपिकचा जलतरणपटूही फार काळ टिकणार नाही. ओळखण्याच्या खुणा तीन : लाटांच्या रांगेत पडलेली खिंड, पाण्याचा गढूळ किंवा गडद पट्टा, आणि फेस व काडीकचरा समुद्राकडे सरकताना दिसणे. या खुणा उंचावरून स्पष्ट दिसतात, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी एखाद्या चढावर उभे राहून पाहावे.

त्यात सापडल्यास काय करावे, हे घरातील प्रत्येकाला पाठ असले पाहिजे. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे सरळ पोहण्याच्या धडपडीत दमून. म्हणून प्रथम तरंगावे, श्वास सावरावा, एक हात वर करून मदत मागावी. अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटताना दिसतात तिकडे पोहावे. लाटा फुटतात तिथे पाणी उथळ असते आणि तेच पाणी माणसाला किनाऱ्याकडे ढकलते. बळ नसेल तर नुसते तरंगत राहावे. लाटांच्या रेषेपलीकडे प्रवाहाचा जोर ओसरतो. सर्फिंग करणाऱ्याने तर फळी कदापि सोडू नये, ती त्याची होडीच आहे.

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे, कारण ती मायेच्या विरुद्ध जाते. आपले माणूस बुडताना दिसले की आपण धावत पाण्यात शिरतो, आणि एकाच्या जागी दोन-तीन जीव जातात. हातात तरंगणारी वस्तू असल्याशिवाय पाण्यात शिरू नये. झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा, पाण्याचा कॅन, चेंडू, दोरी, जे मिळेल ते आधी फेकावे आणि जीवरक्षकाला बोलवावे. १४ जून १९२५ रोजी कॅलिफोर्नियाच्या न्यूपोर्ट येथे प्रचंड लाटांत एक बोट उलटली. तेव्हा वर उल्लेख केलेल्या ड्यूक कहानामोकूने आपल्या फळीवरून पुन्हापुन्हा फेऱ्या मारून आठ जणांचे प्राण वाचवले. ऑलिंपिकविजेता पोहणारा असूनही त्याने भरवसा ठेवला तो फळीवर. आज जगभरचे जीवरक्षक फळी हे बचावाचे साधन म्हणून वापरतात.

आपल्या महाराष्ट्राला याचे मोल फार कटू रीतीने कळले आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात बुडून मरण पावले. फेब्रुवारी म्हणजे ना पाऊस, ना वादळ. भर दिवसा, मित्रमैत्रिणींच्या देखत हे घडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून दगावली, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे.

बाहेर काढलेल्या माणसाला पालथे घालून पोट दाबण्याची आपल्याकडे जी जुनी पद्धत आहे ती सोडून द्यावी. त्यात अमूल्य वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत शिरण्याचा धोका असतो. श्वास चालत नसेल तर उताणे निजवून, हनुवटी वर करून तोंडाने श्वास द्यावा. मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा जोराने दाबणे आणि दोन श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दुसऱ्याने तोवर ११२ किंवा १०८ क्रमांकावर कळवावे. शुद्धीवर आलेल्या माणसालाही रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो.

यावर कोणी म्हणेल की मग समुद्रावर जाऊच नये. मला तसे वाटत नाही. व्यापाऱ्याने जोखीम टाळली तर धंदाच होणार नाही. तो ती मोजतो, मर्यादा ठरवतो आणि मग दुकान उघडतो. समुद्रासाठीही एवढे करता येते. पावसाळ्यात पाण्यात उतरायचेच नाही. पश्चिम किनाऱ्यावरचे मासेमार, ज्यांचा जन्म समुद्रावर गेला, तेसुद्धा जून-जुलैत होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून नवा हंगाम धरतात. आपण त्यांच्याहून शहाणे नाही. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था उंच लाटांचे इशारे देते, तेही पाहावेत. जीवरक्षक असलेलाच किनारा निवडावा. कोकणातील अनेक सुंदर किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. तिथे पाय भिजवावेत, सूर्य पाहावा आणि गावातल्या माणसाने ‘इथे नको’ म्हटले तर दुसऱ्यांदा विचारू नये. लहान मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम ‘सगळ्यांचे’ असले की ते कोणाचेच नसते. अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी नावानिशी लावावी आणि पाळी असलेल्याने फोन पिशवीत ठेवावा.

आपल्या घरांना एक सोय तर आयतीच आहे. गोव्यात जीवरक्षकांची नेहमीची पाळी संध्याकाळी सहाच्या सुमारास संपते, आणि बरेच अपघात त्यानंतरच्या अंधूक वेळी, ओसरत्या गर्दीत घडतात. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा ज्या घरांत नेम आहे ती मंडळी त्या वेळेच्या आधीच पाण्याबाहेर, हातपाय धुऊन ताटावर असतात. हा नेम सहलीतही मोडू नये. उपवासाच्या दिवशी मात्र लाटांत उतरू नये. उन्हात, खाऱ्या पाण्यात अंगातले पाणी लवकर आटते आणि थकव्याने पायात गोळे येतात.

पाचव्या दिवशी नात फेसाळ लाटेवर उभी राहिली. माझ्या मोजणीने सहा सेकंद, तिच्या मोजणीने दहा. मेहुण्यांनी मोबाईलवर ते टिपले. तिला पडताना पाहून त्यांचा हात दोनदा हलला, म्हणून त्या चित्रात आकाशच अधिक आले आहे.

आता आमच्या गावाविषयी थोडे. समुद्राचे हे धडे वैनगंगेलाही लागू पडतात, थोडा फरक करून. नदीत परतीचा प्रवाह नसतो, पण धरणाचे दरवाजे उघडले की कोरड्या वाटणाऱ्या पात्रातही पाणी चढते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहराची काय अवस्था केली, ती आपण पाहिली आहे. गणेशविसर्जनाच्या वेळी काठावर उभे असलेले तरुण बहुतेक वेळा पोहणारे नसतात, आणि मदतीला उडी घेणारेही नसतात. एक लांब दोर, दोन हवा भरलेल्या ट्यूब आणि पोहता येणारी चार माणसे, एवढा बंदोबस्त प्रत्येक घाटावर आणि प्रत्येक तलावाच्या पाळीवर करता येईल. त्याला फार खर्च नाही, आणि तो करण्याची ऐपत गावोगावच्या पेढ्यांना निश्चित आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोहणे शिकवणे. आपल्या घरांतील मुलांना हिशेब शिकवावा लागत नाही, तो कानावर पडून येतो. पोहणे तसे येत नाही. दहा वर्षांचे मूल झाले की त्याला उताणे तरंगता आले पाहिजे, हा नियम प्रत्येक घराने करावा, मुलींनाही तितकाच लावावा, आणि भंडारा-नागपुरातील तलावात उन्हाळ्याचा एक महिना त्यासाठी राखून ठेवावा. माझ्या पुतण्याचा रुसवा आता गेला आहे. येत्या एप्रिलपासून तो शिकायला जाणार आहे, आणि त्याला सोडायला-आणायला मेहुणे जाणार आहेत.